तंबूच्या भरवशावर वादळ काढू नका: राष्ट्रीय उद्यानात कॅम्पिंग करताना या चुका टाळा

आभाळ एकाएकी भरून आलं, वारा सुटला, की मुक्कामाला आलेली बहुतेक माणसं तंबूत शिरतात आणि चेन ओढून घेतात. आत कोरडं असतं, चार माणसं सोबत असतात, म्हणून सुरक्षित वाटतं. पण तंबू अडवतो तो पाऊस, दव आणि बेताचा वारा. वीज, पाण्याचा लोंढा, मोडून पडणारी फांदी यांतलं काहीही तो अडवत नाही. पुढच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हाच चुकीचा भरवसा आहे.

सपाट, मऊ जागा दिसली की तंबू ठोकणं

ओढ्याकाठची वाळूची जागा फार मोहात पाडते. एवढ्या उताराच्या डोंगरात ती सपाट कशी झाली, हे आधी स्वतःला विचारा. उत्तर बहुतेक वेळा पाणी हेच असतं.

स्पेनमध्ये पिरेनीज पर्वतात बिएस्कास गावाजवळ ‘लास निएवेस’ नावाचं कॅम्पिंगचं ठिकाण अशाच जागी होतं. आरास नावाच्या ओढ्याने डोंगरातून वाहून आणलेला गाळ आणि दगड पसरून जिथे पंख्याच्या आकाराचा सपाट भाग तयार झाला होता, नेमकी तिथे छावणी वसवलेली. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी वर प्रचंड पाऊस झाला, लोंढा थेट छावणीत घुसला आणि ८७ माणसं मेली. ही जागा रीतसर परवानगी असलेली होती. म्हणून अधिकृत कॅम्पसाइटवर उतरलात तरी ओढा कुठून येतो, फुगला तर कुठे जाईल आणि आपण कुठून वर चढू, हे उजेड असतानाच चालून पाहा.

दुसरी गफलत म्हणजे फक्त आपल्या डोक्यावरच्या आभाळाकडे बघणं. ३१ जुलै १९७६ ला अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बिग थॉम्पसन नदीच्या घळीत पूर आला. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेकडचा हा भाग. वरच्या अंगाला काही तासांत ३० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता, पण घळीच्या खालच्या टोकाला असलेल्या लोकांना त्याची कल्पनाही नव्हती. १४० हून अधिक माणसं दगावली. गाडीने घळीतूनच बाहेर पळू पाहणारेही त्यांत होते. त्यानंतर तिथल्या घळींमध्ये पाट्या लागल्या: पूर आला तर वर चढा.

ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या आणि पाला वाहून येऊ लागला, वरून घरघर ऐकू आली, तर तीच सूचना समजा. प्रवाहाच्या कडेने पळू नका, उतारावर सरळ वर जा. तंबू, सॅक, बूट काहीही गोळा करत बसू नका. सामान परत घेता येतं. जोरात वाहणारं जेमतेम १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटर पाणी छोटी गाडी वाहून नेतं.

गडगडाट ‘अजून लांब आहे’ म्हणून थांबणं

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. साधारण तितक्या किलोमीटरवर वीज पडली आहे. हा हिशोब बरोबर आहे, पण त्यावरून निवांत राहणं चूक आहे, कारण पुढची वीज पहिलीच्या शेजारीच पडेल असं नाही. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात.

खरा आसरा दोनच ठिकाणी: चार भिंतींची पक्की इमारत, किंवा पत्र्याचं छत असलेली, काचा बंद केलेली गाडी. तंबू त्यात बसत नाही. चारी बाजूंनी उघडी शेडही बसत नाही आणि एकटं उंच झाड तर नाहीच. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर रॉय सलिव्हन यांच्यावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज पडली आणि प्रत्येक वेळी ते वाचले. पहिल्यांदा ते वणव्यावर नजर ठेवायच्या टेहळणी मनोऱ्यात होते, तर एकदा उघड्या खिडकीच्या ट्रकमध्ये. काचा बंद ठेवायला सांगतात ते उगाच नाही.

गाडी खूप लांब असेल तर? कड्याचा माथा, सोंड, उघडं पठार सोडून खाली उतरा, पाण्यापासून दूर राहा, सारख्या उंचीच्या दाट झाडीतून चालत राहा. गटातल्या माणसांमध्ये अंतर ठेवा, म्हणजे एक वीज सगळ्यांना लागणार नाही आणि मदत करायला कुणीतरी शिल्लक राहील. उकिडवं बसून राहण्याचा जुना सल्ला अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा आता देत नाही. त्या वेळात आसऱ्याकडे चालणं जास्त उपयोगाचं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. पाऊस थांबल्यावर लगेच बाहेर पडणाऱ्यांनाही वीज लागते. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर ताबडतोब सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा.

खाली बघून जागा निवडणं, वर न बघणं

वाळलेलं झाड, अर्धवट मोडून अडकलेली फांदी यांच्याखाली तंबू नको. एवढं एक पाळलं तरी वाऱ्याचा मोठा धोका टळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून संध्याकाळी नीट उभा असलेला तंबू मध्यरात्री टिकेलच असं नाही. तंबूची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे करा, सगळ्या दोऱ्या पहिल्याच संध्याकाळी ताणून बांधा आणि खुंट्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोका. पोल मोडलाच तर मोडल्या जागी खुंटी लावून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, रात्र निघते. पण तंबू जमिनीवर लोळण घेऊ लागला, तर पोल काढून तो आडवा करा, वर दगड किंवा सॅक ठेवा आणि गाडीकडे चला.

‘एवढी कुठे थंडी आहे’ म्हणून ओल्या कपड्यांत बसणं

मला ही चूक सगळ्यांत जास्त काळजीची वाटते, कारण ती होताना दिसत नाही. हायपोथर्मियासाठी, म्हणजे शरीर धोकादायक पातळीपर्यंत थंड पडण्यासाठी, बर्फ लागत नाही. गोठणबिंदूच्या बरंच वर तापमान असलं, तरी भिजलेलं अंग आणि वारा मिळून शरीराचं तापमान ३५ अंशांखाली नेऊ शकतात. सुती कपडे ओले झाले की ऊब देत नाहीत आणि लवकर वाळतही नाहीत. लोकर किंवा सिंथेटिक कपडे भिजूनही थोडी ऊब धरतात. म्हणून एक पूर्ण कोरडा जोड आणि स्लीपिंग बॅग जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. बऱ्याच सॅक शिवणीतून झिरपतात.

सोबतचा माणूस अडखळायला लागला, शब्द जड झाले, चेन लावता येईना, चिडचिड वाढली, तर लगेच लक्ष द्या. कुडकुडणं थांबलं आणि तो गप्प झाला म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका. हे बिघडल्याचं लक्षण आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, अंगाखाली मॅट द्या, छाती आणि पोट आधी उबदार करा. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्या. दारू नाही, हातपाय चोळणं नाही.

आणि ऊब हवी म्हणून तंबूत स्टोव्ह किंवा कोळसा पेटवू नका, चेन थोडी उघडी ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो.

जवळच्या गावाचा अंदाज बघून निघणं

उंची १,००० मीटरने वाढली की हवा साधारण ६.५ अंशांनी थंड होते आणि वारा वाढतो. गावाचा अंदाज माथ्यावर लागू पडत नाही. उद्यानाच्या चौकीवर विचारा. कोणता ओढा फुगतो, कोणती वाट बंद होते हे त्यांना माहीत असतं. उंचावरचा रस्ता पहाटे चालून घ्या, कारण उन्हाळ्यात डोंगरावरचे विजांचे पाऊस बहुतेक दुपारनंतर येतात. कुठे राहणार आणि कधी परतणार हे घरी एका माणसाकडे लिहून ठेवा. फोन थंडीत लवकर उतरतो, तो अंगाजवळ ठेवा.

वादळ सरल्यावर घाईने ओढा ओलांडू नका. वरचं पाणी अजून खाली येत असतं. ओढ्याची पातळी किती उतरतेय ते कळायला काठावर एक काठी रोवा, वाट बघा. परतायला उशीर होणार असेल तर चौकीला कळवायचा प्रयत्न करा, म्हणजे शोधपथक विनाकारण त्याच पाण्यात उतरणार नाही.