एकापेक्षा जास्त परदेशी भाषा शिकताय? मी केलेल्या या चुका टाळा

गेल्या अकरा वर्षांत मी जर्मन, जपानी, स्पॅनिश आणि पोर्तुगीज अशा चार भाषा शिकले. जर्मन घेतली चाकणच्या नोकरीसाठी. जपानी शिकायचं डोक्यात आलं ते शाळेत असताना, सिंहगड रोडवरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात फिरताना, ते उद्यान ओकायामातल्या ३०० वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून केलंय हे कळलं तेव्हाच ठरवलं की मूळ बाग बघायची आणि तिथल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलायचं. स्पॅनिश घेतली ती मैत्रीण क्लासला जात होती म्हणून. आणि पोर्तुगीज शिकले आजीसाठी, ते शेवटी सांगते.

ही कारणं आधी सांगितली कारण माझ्या बहुतेक चुका कारण विसरल्यामुळे झाल्या. जपानी मला बोलण्यासाठी हवी होती ना, पण क्लास लागला आणि मी परीक्षेच्या मागे लागले. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रमाणपत्र परीक्षा, वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये, आणि त्यात बोलण्याची परीक्षाच नसते, लिहायचंही नसतं, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं. एन-फोरला, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीला, १८० पैकी ९० लागतात, मला चांगले मार्क मिळाले, सर्टिफिकेट आलं, घरी पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात कंपनीत एक जपानी इंजिनीअर आले, त्यांनी साधं विचारलं की कँटीन कुठे आहे, मला कळलं सगळं पण तोंडातून एक वाक्य निघेना. त्या दिवशी खूप वाईट वाटलं. मग रोज १५ मिनिटं ऑडिओ लावून त्याच्या मागोमाग मोठ्याने बोलायला लागले, अर्थ कळो न कळो, आधी जीभ वळली पाहिजे. साधारण चार महिन्यांनी फरक पडला. तुम्हाला नोकरीसाठी सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षा जरूर द्या, पण बोलायचंय तर पहिल्या आठवड्यापासून बोला.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही मला आपल्याकडे सगळीकडे दिसते. आपण परदेशी भाषा इंग्रजीतून शिकतो आणि मराठी दाराबाहेर ठेवतो. का ठेवतो? जपानीत क्रियापद शेवटी येतं, मराठीतही. त्यांचे शब्दामागे लागणारे नी, दे वगैरे आपल्या ला, त, ने सारखेच बसतात. प्रश्न विचारायला ते वाक्याच्या शेवटी 'का' लावतात! ताबेमाश्ता का, म्हणजे जेवलात का. ई तेन्की देस ने, म्हणजे हवा छान आहे ना. मी मात्र दोन वर्षं इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक वाक्यात वाताशी वा, वाताशी वा करत होते, मी हे केलं मी ते केलं. आपण मराठीत तरी दर वाक्याला 'मी' म्हणतो का? 'जेवले, आता निघते' एवढंच म्हणतो, जपानीतही तेच चालतं.

स्पॅनिशचं तर विचारूच नका. मे गुस्ता एल काफे, मे गुस्तान लोस लिब्रोस, हे इंग्रजीतून समजवायला बाईंनी अख्खा तास घेतला, आणि मराठीत ते आहेच की, मला कॉफी आवडते, मला पुस्तकं आवडतात, 'मे' म्हणजे 'मला' आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं. जर्मनमध्ये थंडी वाजली की 'इश बिन काल्ट' म्हणू नका, ते 'मिअर इस्ट काल्ट' असतं, आपल्या 'मला थंडी वाजतेय' सारखं. उच्चारांचंही तेच, जर्मन 'त्साइट' (म्हणजे वेळ) या शब्दाचा पहिला आवाज म्हणजे 'चाक' मधला च, जपानी त्सुचा आवाज म्हणजे 'चूक' मधला च. आपल्या जिभेला हे लहानपणापासून येतंय.

पण एका ठिकाणी मराठी फसवते, लिंगात. जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत म्हणून मी खूश झाले आणि अंदाजाने लावत सुटले. आपला तो सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी, पण आपला तो काटा तिकडे स्त्रीलिंगी आणि आपली ती सुरी नपुंसकलिंगी. उपाय एकच, शब्द कधीही एकटा पाठ करायचा नाही, लिंग दाखवणारं डेर, डी किंवा दास जोडूनच वहीत लिहायचा. मी तीन रंगांची पेनं वापरली, अजून वापरते.

देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय पण लवकर सोडा. जर्मनमध्ये 'आधीच' आणि 'सुंदर' या दोन शब्दांत फक्त 'ओ' या अक्षरावरच्या दोन टिंबांचा फरक आहे, माझ्या वहीत दोन्ही 'शोन' झाले होते. जपानीत ओबासान म्हणजे मावशी-काकूच्या वयाची बाई आणि मधला आ लांबवला की आजी. हिरागानाची मूळ अक्षरं ४६ आहेत, दोन आठवड्यांत होतात, तेवढं करून टाका.

आणि जवळच्या दोन भाषा शून्यापासून एकत्र सुरू करू नका. स्पॅनिश ए-टूला, म्हणजे सहापैकी दुसऱ्या पातळीला, असतानाच मी पोर्तुगीज सुरू केली, वाटलं सोपी जाईल. वाचायला गेलीच सोपी, पण बोलताना खिचडी. लिस्बनच्या एका बाईंशी ऑनलाईन बोलायचे, त्यांनी केलेल्या पदार्थाचा फोटो बघून मी कौतुक म्हणून 'इश्किझीतु' म्हटलं, स्पॅनिशमधला तसाच शब्द म्हणजे अप्रतिम चवीचं, पोर्तुगीजमध्ये मात्र विचित्र. त्यांनी समजून घेतलं पण मला रडू आलं. पहिली भाषा बी-वनपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंत, नेऊन मगच दुसरी घ्या, आणि आधीच गोंधळ झाला असेल तर एक भाषा तीन महिने फक्त ऐकण्यावर ठेवा, दुसरी बोला. मला याने सुटका मिळाली. अजून एक, ॲपवर बहुतेक वेळा ब्राझीलची पोर्तुगीज असते, लिस्बनवाले स्वर इतके गिळतात की सुरुवातीला काहीच कळत नाही, तेव्हा कुठली हवी ते आधी ठरवा.

मला कुठली हवी होती? आजीचं माहेर गोव्यात. तिच्या वडिलांच्या घराचा कागद ट्रंकेत होता, पोर्तुगीजमध्ये, १९६१ च्या कितीतरी आधीचा, घरात कोणालाच वाचता येत नव्हता. बी-वन झाल्यावर मी तो उघडला आणि पहिल्याच ओळीतला शब्द डिक्शनरीत सापडेना. दोन रात्री गेल्या. मग कळलं की १९११ मध्ये पोर्तुगालने स्पेलिंग सुधारलं, आणि दस्तासाठीच्या शब्दातला न उच्चारला जाणारा 'पी' काढून टाकला, कागद लिहिणाऱ्याचा हात मात्र जुन्या वळणाचा होता. जुने कागद वाचायचे असतील तर हे लक्षात ठेवा, शब्द सापडला नाही की मुकं अक्षर काढून बघा, 'पीएच'च्या जागी 'एफ' घालून बघा.

मग चतुःसीमा आली. पूर्व-पश्चिमेसाठी त्यात नाशेंत आणि पुएंत असे शब्द होते, जन्मणारी आणि मावळणारी बाजू. मी आजीला वाचून दाखवताना थेट म्हटलं, उगवतीला ओढा, मावळतीला देवळाची वाट. आजी म्हणाली, ओढ्याच्या अलीकडे एक फणस होता, तो लिहिलाय का बघ.