खालची शिलाई बिघडली तर आधी वर बघा

चामड्यावर समोरची शिलाई बहुतेकांची बरी येते. काम उलटं केलं की कळतं कोण किती पाण्यात आहे. इथे वॉकिंग फूटचं (ज्याचा पाय चामड्याबरोबर पुढे सरकतो असं) औद्योगिक मशीन आणि दोन-दोन मिलिमीटरच्या दोन थरांचा पट्टा धरून लिहिलंय. घरगुती मशीनला चामड्याची सुई लावून असा पट्टा शिवता येतो म्हणणाऱ्यांनी बहुधा रेक्झिन शिवलेलं असतं.

दोरा बाँडेड (पदर एकत्र चिकटवलेल्या) नायलॉनचा, वर आणि खाली एकच. टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप. टेक्स ७० ला ११० नंबरची सुई, टेक्स ९० ला १२० किंवा १२५, टेक्स १३५ ला १४०. ‘बारीक सुई लावा, छिद्र नाजूक दिसतं’ हा सल्ला सरळ कानाआड करा. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ त्या छिद्रातच लपायची असते. छिद्रात जागाच नसेल तर ती बाहेर डोकावणार. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं कापतं. ते एलआर, म्हणजे तिरकं कापणारं असेल तर टाका किंचित तिरका पडतो आणि देखणा दिसतो. एस टोक शिलाईच्या रेषेतच कापतं, टाका सरळ येतो. पण त्यावर टाका आखूड ठेवला तर छिद्रं एकमेकांना भिडायला येतात आणि चामडं तिकिटासारखं फाटतं. पट्ट्याला साडेतीन ते चार मिलिमीटर टाका ठेवा, म्हणजे इंचात सहा-सात.

थर चिकटवायचं सोल्युशन पातळ लावा आणि पूर्ण वाळू द्या. ओलं राहिलं तर सुईला चिकटतं आणि दोरा पिंजतो.

आता टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण. खाली दोऱ्याचं जाळं झालं की हात आपोआप बॉबिनकडे जातो, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. खालचं जाळं दहापैकी नऊ वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतं. मशीनचा पाय (चामडं वरून दाबून धरणारा भाग) खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात; दोरा त्यांच्या मध्ये न बसता वरून जातो, वर ताणच राहत नाही. म्हणून पाय उचला, वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा, पाय खाली सोडा आणि दोरा हाताने ओढून बघा. आता तो अडायला हवा. तो अडत नाही तोवर बॉबिनच्या पत्तीच्या (खालच्या दोऱ्यावर दाब देणाऱ्या पट्टीच्या) स्क्रूला हात लावू नका.

बॉबिनचा ताण एकदाच लावायचा. दोरा हाताने ओढला की हलका पण एकसारखा अडथळा जाणवावा, मध्येच झटका नको. झटका येत असेल तर पत्तीखाली धूळ किंवा दोऱ्याचा तुकडा अडकलाय. तो काढा, स्क्रू फिरवून काही होणार नाही. फिरवावाच लागला तर घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत सरकतो तेवढाच. त्यानंतर सगळं काम वरच्या टेन्शनने करायचं.

चाचणीसाठी वर लाल दोरा घ्या, खाली पांढरा. चामडं तेच, थर तितकेच, सोल्युशनसुद्धा लावलेलं. एका थराच्या तुकड्यावर लावलेलं टेन्शन दोन थरांना लागू पडत नाही, कारण गाठ मुरायची खोलीच बदलते. बोटभर शिवा आणि दोन्ही बाजू बघा. खाली लाल ठिपके आले, किंवा खालचा दोरा आडव्या तारेसारखा सरळ पडला, तर वरचं टेन्शन वाढवा. वर पांढरे ठिपके आले तर कमी करा. दोन्ही बाजू स्वच्छ आल्या तरी थांबू नका: तुकडा शिलाईच्या रेषेवरूनच धारदार पात्याने कापा. लाल-पांढऱ्याची गाठ जाडीच्या साधारण मध्यावर दिसली पाहिजे. पृष्ठभागाला लागून बसलेली गाठ थोडा दोरा झिजला की वर येते. एक-एक मिलिमीटरच्या दोन थरांत जाड दोऱ्याची गाठ लपतच नाही. तिथे टेन्शनशी झटापट न करता दोरा बारीक करा.

पायाचा दाब कमी केला की चामड्यावर दातांचे ठसे उठत नाहीत, हे खरं. पण फार कमी केलात तर सुई वर जाताना चामडंही उचलून नेते, दोऱ्याचा फास बनत नाही आणि टाका सुटतो. ठशांवर बिनदाताचा गुळगुळीत पाय हाच उपाय.

सुरुवातीला दोन्ही टोकं मागे धरून पहिले तीन टाके हाताच्या चाकाने घाला. कोपऱ्यावर सुई अगदी तळाला नेऊन वळवू नका. तळापासून दोन-तीन मिलिमीटर वर येऊ द्या, म्हणजे हुकने (खाली फिरणाऱ्या आकडीने) दोऱ्याचा फास पकडलेला असतो. मगच पाय उचलून वळवा. त्याआधी वळवलंत तर फास पिळतो आणि ऐन कोपऱ्यातला टाका सुटतो, जिथे सगळ्यांचं लक्ष जातं.

शेवटी दोन-तीन टाके मागे, त्याच छिद्रांत, तेही चाकानेच. वरचा दोरा खाली ओढून घ्या, दोन मिलिमीटर ठेवून कापा आणि लायटरने वितळवून दाबा. ज्योत टोकाच्या बाजूला धरा, खाली नाही; चामडं काळं पडलं तर ते परत येत नाही. दोरा सुती असेल तर लायटर खिशातच ठेवा.