खाणीखालच्या खाचरात लावण करण्याआधी

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड या पट्ट्यात वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, बॉक्साइटची खाण चालू असेल किंवा चालून बंद पडली असेल, तर तिच्या खालच्या पाणथळ खाचरांसाठी हा सल्ला आहे. रोहिणीचे दिवस हातात आहेत. मृगाचा जोर सुरू झाला की यातलं निम्मं काम करता येणार नाही.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांविषयी हल्ली शेतकरी विचारतात. लँथॅनम, सेरियम, निओडिमियम अशी ही 17 मूलद्रव्यं थोडीफार प्रत्येक मातीत असतात. भूकवचात सेरियम साधारण तांब्याइतकं आहे. त्यामुळे नुसतं नाव ऐकून घाबरू नका. जांभा तयार होताना पावसाने चुना, पोटॅश, सिलिका धुऊन जातं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरतं. त्यांच्याबरोबर ही मूलद्रव्यंही अडकून राहतात, जास्त करून खालच्या चिकण थरात. खाणीत तो थर उघडा पडतो, टाकाऊ मातीचे ढीग लागतात आणि पाऊस ती माती वगळीने, म्हणजे ओघळीने, थेट आपल्या खाचरात आणतो.

खरी अडचण तिथे सुरू होते. पाणी साचलं की मातीतली हवा संपते, लोहाचा गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं सगळं पाण्यात सुटतं. सामू (पीएच) 5 च्या खाली गेला, म्हणजे माती फार आंबट झाली, तर आणखी. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने हलवून बघा. तुकडे पडून तसेच राहिले तर तो लोहाचा, पुन्हा जुळून आला तर तेलाचा. अशा खाचरात भाताच्या पानावर तांबूस ठिपके येतात, ते लोह जास्त झाल्याचे असू शकतात. रोग समजून औषध मारण्याआधी मुळं उपटून बघा. त्यांवर गंजाचा जाड थर असेल तर फवारणीचा खर्च वाया जाणार.

म्हणून सगळ्यात आधी गाळ अडवा. माझ्या मते बाकीच्या सगळ्या उपायांपेक्षा हे एक काम मोठं आहे. वगळ शेतात शिरते तिथे दगडांचा अनगड बांध घाला, त्याच्या मागे खड्डा काढा, कडेने वाळ्याची ओळ लावा. आपल्याकडे वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी सोडतात; खाणीकडचं पाणी तसं घेऊ नका, बांधाच्या कडेने पाट काढून बाहेर काढा. खड्ड्यात साठलेला गाळ तरव्याच्या वाफ्यात किंवा उसाच्या रानात अजिबात टाकू नका. ओढ्यापासून लांब, सपाट जागी टाकून त्यावर गवत धरू द्या. तलावातला गाळ शेतात नेणार असाल आणि त्या तलावाच्या वर खाण असेल, तर आधी तपासा.

सामू कमी आला तर तपासणी अहवालाप्रमाणे चुना लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळा, युरियाबरोबर नको. अमोनियम सल्फेट या खाचरांत टाळा, त्याने आंबटपणा वाढतो. लावणीनंतर पाणी सतत तुंबवून ठेवू नका. रोप सावरलं की मधूनमधून निचरा करा, म्हणजे हवा लागून लोह पुन्हा गंजून बसतं आणि सुटलेलं बरंचसं त्यात अडकतं.

ही मूलद्रव्यं पिकाच्या मुळांत सर्वांत जास्त, पानांत कमी आणि दाण्यात त्याहून कमी जातात. तेव्हा गाळ बसलेल्या ओलीवर तपासणी होईपर्यंत अळू, कोथिंबीर घेऊ नका, भात चालेल. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी जनावरांना पाजू नका.

तपासणीचं नीट समजून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 बाबी असतात, त्यांत ही मूलद्रव्यं नाहीत. त्यासाठी आयसीपी-एमएस, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणारं, यंत्र असलेली प्रयोगशाळा लागते. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. सामू, लोह आणि सेंद्रिय कर्ब मात्र नेहमीच्या तपासणीत कळतं, ते आधी करून घ्या. नमुना खाचरात चार-पाच ठिकाणी वीत-भर खोलीपर्यंत, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खुरप्याने घ्या. लोखंडी अवजाराने लोहाचा आकडा बिघडतो. सावलीत वाळवून अर्धा किलो माती द्या. त्याबरोबर दुसरा नमुना त्याच जांभ्या मातीच्या, पण खाणीचं पाणी न येणाऱ्या रानातला हवाच. जांभ्यात ही मूलद्रव्यं मुळातच असतात, त्यामुळे एकट्या आकड्यावरून खाणीने किती भर घातली ते कुणालाच सांगता येणार नाही.