घटक पाडायची घाई करू नका

कागलकडच्या गावातून रोज एसटीने कोल्हापूरला कॉलेजला यायचो. बी.एस्सी.ला मेकॅनिक्स सुरू झालं आणि गणित दिसलं की एक्स, वाय, झेड घटक पाडायचे, ही बारावीची सवय सोबत आली. उत्तरं बरोबर यायची, पण कण नेमका काय करतोय ते डोळ्यांसमोर उभं राहायचं नाही.

एका संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर एका सीनियरने वही मागून घेतली. म्हणाला, "भावा, बाण मोडू नकोस. अख्खा बाण धरून चाल." बाण म्हणजे सदिश: मान आणि दिशा दोन्ही असलेली राशी, जसा वेग.

फेकलेला दगड घ्या. हवेचा रोध सोडला, तर त्याचं विस्थापन म्हणजे सुरुवातीचा वेग गुणिले वेळ, अधिक गुरुत्व त्वरण गुणिले वेळेच्या वर्गाचा निम्मा. यात न बदलणारे सदिश दोनच. म्हणजे दगड कितीही तिरका फेका, तो त्या दोघांच्या प्रतलाबाहेर जाणार नाही. एकही घटक न पाडता हे कळलं!

मग त्याने ग्रह घेतला. इथे त्वरणाची दिशा सारखी बदलते, पण ते कायम सूर्याकडेच असतं. सूर्यापासून ग्रहापर्यंतचा बाण आर, ग्रहाचा वेग व्ही, त्वरण ए. आर क्रॉस व्ही लिहा, म्हणजे दोघांचा सदिश गुणाकार: त्याची दिशा दोघांनाही लंब, आणि दोघे एकाच रेषेत असले की तो शून्य. आता त्याचा वेळेसापेक्ष डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घ्या. दोन पदं येतात: व्ही क्रॉस व्ही, आणि आर क्रॉस ए. पहिलं शून्य. दुसरंही शून्य, कारण ए आणि आर एकाच रेषेत. म्हणून आर क्रॉस व्ही बदलत नाही. त्याची दिशा स्थिर, म्हणून कक्षा एका प्रतलात; त्याचं मान स्थिर, म्हणून सूर्य-ग्रह रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ पार करते. केप्लरने १६०९ मध्ये मांडलेला नियम दोन ओळींत हाती आला. व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट झालं की बल चौथाई) इथे लागलाच नाही, हे नीट लक्षात ठेवा. तो लागतो कक्षा लंबवर्तुळ आहे हे दाखवताना.

हे आकड्यांत ताडून बघा. जानेवारीत पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किमीवर, वेग सेकंदाला ३०.२९ किमी. जुलैत १५.२१ कोटी, वेग २९.२९. या दोन्ही ठिकाणी वेग आर ला लंब असतो, म्हणून सरळ गुणाकार करा. मी त्या रात्री केला. दोन्ही उत्तरं जुळली आणि झोप उडाली.

ग्रॅडियंट (राशी कुठल्या दिशेला किती झपाट्याने वाढते) आणि कर्ल (सदिश क्षेत्र एखाद्या जागी किती गरगरतं) त्यानंतर घ्या. गुरुत्वबलाचा कर्ल शून्य, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर पायवाटेने चढा नाहीतर गाडीरस्त्याने, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करायचं काम उंचीतल्या फरकावरच ठरतं.