कार्डवरचे फोटो उतरवताना: बॅच फाइलमध्ये ठेवायचे तीन आकडे

खानापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, ती ओसरेपर्यंत गावोगावच्या यात्रा. रात्री नऊला पोरं कार्डं आणून टेबलावर ठेवतात आणि मग तासभर एकच विचारणं चालतं, "ताई, कुठवर आलंय?" त्यासाठी मी फाइली कॉपी करणारी एक बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा एकाखाली एक लिहिलेली फाइल) लिहिली आणि त्यात मोजणी घातली. पहिली मोजणी चुकीची होती. ती कशी चुकली, ते आधी सांगते, कारण पुढची रचना त्यातूनच आली.

आमच्याकडं महालक्ष्मीची यात्रा काही गावांत कित्येक वर्षांनी एकदा भरते. जांबोटीकडच्या अशाच एका गावची यात्रा आम्ही दोन कॅमेऱ्यांनी काढली. रात्री दोन्ही कार्डं एकामागोमाग एकाच फोल्डरात उतरवली. पहिल्याला ६१८ पैकी ६१८ दिसलं, दुसऱ्याला ५९४ पैकी ५९४. सकाळी दुसऱ्या लग्नासाठी कार्डं फॉरमॅट केली. अल्बमला बसल्यावर फोल्डरात बघितलं, तर १२१२ ऐवजी ७९० फोटो. ४२२ फोटो एकमेकांवर पडून पुसले गेले होते. पुसलेल्यांत निम्मे फोटो गाडा ओढतानाचे होते, आणि गाडा पुन्हा कधी निघणार?

असं का झालं, तर कॅमेरा फाइलीच्या नावात चारच आकडे ठेवतो, ०००१ ते ९९९९. दोन्ही कॅमेरे एकाच जातीचे असले की नावं सारखी येणारच. हातानं आज्ञा दिली तर कॉपी "वर लिहू का?" म्हणून विचारते. बॅच फाइलच्या आत मात्र ती विचारत नाही, सरळ वर लिहिते. आणि माझा आकडा मोजत होता लूपच्या, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी तेच काम पुन्हा करणाऱ्या ओळीच्या, फेऱ्या. फेरी झाली म्हणजे फाइल पोचली, असं मी धरून चालले होते.

म्हणून आता तीन आकडे ठेवते: एकूण, फेरी, पोचल्या. दुकानातल्या पोरांसाठी आज्ञा वहीत उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून ठेवल्यात, तशाच इथं देते. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी घ्या. 'एकूण', 'फेरी' ही माझी नावं, तुम्हाला हवी ती ठेवा.

@इको ऑफ
सीएचसीपी ६५००१ >नल
सेट कार्ड=ई:\डीसीआयएम
सेट जागा=डी:\काम\यात्रा-कॅमेरा१
इफ नॉट एक्झिस्ट "%जागा%" एमडी "%जागा%"
सेट एकूण=०
सेट फेरी=०
सेट पोचल्या=०
फॉर /आर "%कार्ड%" %%एफ इन (*) डू सेट /ए एकूण+=१
फॉर /आर "%कार्ड%" %%एफ इन (*) डू कॉल :एकेक "%%एफ"
इको एकूण %एकूण%, पोचल्या %पोचल्या%
पॉज
गोटू :ईओएफ

एमडीची, म्हणजे फोल्डर बनवणारी, ओळ गाळू नका. फोल्डर नसला तर एकही फाइल पोचत नाही, आणि कॉपीच्या ओळीत जागेच्या शेवटचं \ राहिलं असेल, तर कॉपी त्या नावाची एक फाइल बनवते आणि पुढची प्रत्येक फाइल तिच्यावरच लिहीत जाते.

दोन्ही लूप हुबेहूब सारखे ठेवलेत, ते मुद्दाम. आधी मी डिर /एस /बी /ए-डी नं (फाइलींची यादी देणारी आज्ञा) फाइली मोजायची आणि फॉरच्या लूपनं कॉपी करायची. डिर अशा वेळी लपलेल्या फाइलीही मोजतं, फॉर त्या सोडून देतं. मग ९८ टक्क्यांवर सगळं थांबायचं आणि पोरं घाबरायची. ज्या लूपनं न्यायचं, त्याच लूपनं मोजायचं.

आता त्याच बॅच फाइलीत खाली, एकेक फाइलीचं काम:

:एकेक
सेट /ए फेरी+=१
सेट /ए टक्के=फेरी*१००/एकूण
टायटल %फेरी% / %एकूण% - %टक्के% टक्के
इफ एक्झिस्ट "%जागा%\%~एनएक्स१" (इको %१>>राहिल्या.टीएक्सटी & गोटू :ईओएफ)
कॉपी %१ "%जागा%\" >नल && सेट /ए पोचल्या+=१ || इको %१>>राहिल्या.टीएक्सटी
गोटू :ईओएफ

त्या नावाची फाइल आधीच असेल, तर तिला हात न लावता नाव यादीत टाकायचं. कॉपी जमली तरच 'पोचल्या' वाढवायचं, बिघडली तर तेही नाव यादीत. पोचल्या आणि एकूण सारखे आले नाहीत, तर 'राहिल्या' उघडा, कुठली फाइल अडली ते तिथं मिळतं. नवीन कार्ड लावण्याआधी ही यादी पुसायची, नाहीतर कालची नावं आजच्यात मिसळतात. आणि प्रत्येक कार्डाला वेगळी 'जागा'.

आकडा टायटलमध्ये का, तर तो खिडकीच्या पट्टीवर आणि खाली टास्कबारवरही दिसतो. फोटोशॉप उघडं ठेवून काम चालू असलं तरी मान वळवली की कळतं.

कॉल का, म्हणजे काम ':एकेक' कडं वेगळं का सोपवायचं, हे नव्या माणसाला नेहमी अडतं. सगळं काम लूपच्या कंसातच लिहिलं, तर %फेरी% शेवटपर्यंत ० दाखवतं. कंस सुरू झाला की विंडोज तो अख्खा एकदम वाचून घेते आणि टक्क्यांच्या चिन्हातली किंमत त्याच क्षणी भरून टाकते. त्यावर 'डिलेड एक्सपान्शन' चालू करून किंमत उद्गारचिन्हात लिहायचा उपाय आहे, पण मग फाइलीच्या नावातलंच उद्गारचिन्ह गळून पडतं आणि ती फाइल सापडत नाही. पोरं 'मस्त!' अशी नावं देतातच. कॉलला त्याचा त्रास नाही. नावात टक्क्याचं किंवा ^ हे चिन्ह असलं, तर मात्र कॉल गोंधळतो.

सीएचसीपीची ओळ (अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीनं लिहायला लावणारी, त्यात सगळ्या लिप्या बसतात) आमच्या भागात हवीच. गिऱ्हाइकांचे फोल्डर काही मराठीत, काही कन्नडात. कॉपी त्या नावांची नीट होते, पण ही ओळ नसली तर यादीत नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, आणि कुणाचा फोटो राहिला ते कसं ओळखणार? काळ्या खिडकीत चौकोन दिसले तर दिसू देत, यादी नोटपॅडमध्ये उघडा. बॅच फाइलीतच देवनागरी लिहिलं असेल, तर ती यूटीएफ-८ मध्ये, बीओएमशिवाय (फाइलीच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) जतन करा. बीओएम असला तर पहिलीच ओळ चुकते.

व्हिडिओ असले की फाइलींची संख्या फसवते. ५०० फोटो झटक्यात जातात आणि मिरवणुकीच्या एका व्हिडिओवर आकडा अडून बसतो. तेव्हा वजनानं मोजायचं. फाइलीचं वजन बाइटमध्ये %~झेड१ देतं. पण हिशेब करणाऱ्या सेट /ए ला २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा पेलत नाही, म्हणजे दोन जीबीच्या वरची एकच फाइल आली की चूक. मी वजन आधी साध्या मजकुरासारखं घेते आणि शेवटचे तीन आकडे कापते: सेट किलो=%वजन:~०,-३%. किलो रिकामं आलं तर १ धरायचं. टक्के काढताना 'झालेलं गुणिले १००' करू नका, २१ जीबीच्या पुढं तेही ओसंडतं. आधी एकूण वजनाला १०० नं भागा आणि झालेल्या वजनाला त्या उत्तरानं भागा. मोजणीच्या लूपलाही मग कॉल लागतो, एवढंच वाढीव काम.

रोबोकॉपी (विंडोजचीच, फाइली कॉपी करणारी दुसरी आज्ञा) वापरा असं कुणी सांगेल. चांगलं आहे ते, मोठ्या डिस्कची नक्कल मी त्यानंच करते. पण ते एकेका फाइलीचे टक्के दाखवतं, सगळ्या कामाचे नाही. वापरलंत तर /आर:१ /डब्ल्यू:१ द्या, म्हणजे एक सेकंद थांबून एकदाच पुन्हा प्रयत्न होतो. नाहीतर अडलेल्या फाइलीसाठी ते दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं. आणि काम संपल्यावर त्याचा निकालाचा आकडा १ आला म्हणजे चूक नव्हे, फाइली पोचल्यात. ८ किंवा त्यावर आला तर मात्र काहीतरी राहिलंय.

मध्येच आकडा गोठला, तर कार्ड ओढून काढू नका. आधी खिडकीची पट्टी बघा. जुन्या पद्धतीच्या काळ्या खिडकीत चुकून क्लिक पडला की मजकूर निवडणं सुरू होतं आणि पुढचं काही छापायची वेळ आली की स्क्रिप्ट तिथंच थांबते. पट्टीवर आकड्याच्या आधी 'सिलेक्ट' आलेलं असतं. एस्केप दाबा, पुढं चालू लागतं.