गेमिंग पीसी जुना झालाय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

गेम अडखळायला लागला की पोरं थेट दुकान गाठतात. कॅबिनेटचं झाकण उघडून बघायचं कुणालाच सुचत नाही. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

गेल्या एप्रिलमध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक मुलगा माझ्याकडे आला. घरचा टॉवेलचा कारखाना, पीसी तिथल्याच ऑफिसात. "काका, सहा वर्षं झाली. पप्पा सत्तर हजार देतो म्हणालेत, नवाच घेतो की." गेम लावला, दहा मिनिटांत प्रोसेसर 98 अंशांवर. एवढा तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, आणि गेम अडकतो. झाकण काढलं तर कूलरच्या पंख्याखाली सुताच्या धुळीची गादी बसलेली. चिमटीत धरून अख्खी सोलून काढली, टॉवेलचा तुकडाच जणू. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, वाळून खडू झालेली. ब्रशनं साफ केलं, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. तोच गेम, 74 अंश. सत्तर हजार वाचले.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो, त्यात पॉवरलूमचं सूत हवेत. मी दर दोन महिन्यांनी पीसी उघडतोच. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू दिला तर बेअरिंग जातं.

दुसरी चूक, नेमकं काय कमी पडतंय हे न बघता ग्राफिक्स कार्ड आणणं. आफ्टरबर्नर (कार्ड-प्रोसेसर किती राबतायत ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून अर्धा तास खेळा, फ्रेमची (सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याची) मर्यादा काढून. कार्ड 95 टक्क्यांच्या वर राबत असेल तर कार्ड बदला. कार्ड पन्नास-साठवर रेंगाळतंय आणि प्रोसेसर भरलाय, तर नव्या कार्डाचा उपयोग नाही. आय5-4460 सारख्या जुन्या प्रोसेसरवर आरटीएक्स 3060 हे कार्ड बसवून हळहळणारे मी पाहिलेत. तिथं प्रोसेसर बदलायचा म्हणजे मदरबोर्ड आणि जुन्या पिढीची डीडीआर3 रॅमही बदलायची. अशा वेळी नवाच पीसी घ्या, माझं स्पष्ट मत आहे. उलट बी450 मदरबोर्डावर रायझन 5 2600 प्रोसेसर असेल तर पीसी मोडीत काढू नका. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, नवा रायझन 5 5600 बसतो. अपडेट मात्र यूपीएसवरच करा, मधेच वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.

कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) नवं ग्राफिक्स कार्ड चढवू नका.

रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी टाका.

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन 2000 पासून पुढचे प्रोसेसर लागतात, तेही हिशेबात धरा.

आणि गेम उघडायलाच वेळ लागतोय, पण एकदा सुरू झाला की नीट चालतो? मग बाकी कशाला हात लावू नका, हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) टाका.