किनाऱ्यावरचं छोटं गाव हळूहळू वाढवायचंय? पहिला रस्ता टाकायच्या आधीची तयारी

सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये लाखभर वस्तीचं शहर उभं करणं आता मला फार अवघड नाही जात. चौकोनी ब्लॉक टाकत जायचं, पैसे साठले की रस्ता रुंद करायचा, होतंच ते. खरं कठीण आहे समुद्राकाठचं सात-आठ हजार माणसांचं गाव, असं की बघणाऱ्याला वाटावं हे इथे कधीपासूनचंच आहे. असं गाव मी तीन वेळा अर्ध्यावर सोडलंय आणि तिन्ही वेळा चूक पहिल्या तासातच झालेली होती, पुढचे तीस तास ती झाकण्यात गेले. म्हणून आता नवीन मॅप उघडला की आधी ही तयारी करते आणि मगच रस्त्याला हात लावते. लिहितेय ते २०१५ साली आलेल्या पहिल्या भागाबद्दल, २०२३ च्या दुसऱ्या भागात आकडे आणि मेनू वेगळे आहेत पण क्रम हाच धरला तरी चालेल.

तर आधी मॅप. मॅप बघताना तो किती सुंदर आहे हे नंतर बघा, सुरुवातीचा चौकोन कुठे पडतोय ते आधी बघा. हा चौकोन १.९२ किलोमीटर बाजूचा असतो, छोट्या गावाला तेवढी जागा पुरून उरते, पण किनारा त्या चौकोनाच्या बाहेर राहिला की सगळं उलटं होतं. कारण मग पहिली वस्ती हायवेच्या तोंडाशी बसते आणि समुद्राकडे आपण पोचतो दोन तुकडे, म्हणजे मॅपवरचे असेच आणखी चौकोन, विकत घेतल्यावर, तोवर गाव हायवेचं झालेलं असतं आणि किनारा त्याचं एक उपनगर. त्यामुळे पहिल्याच चौकोनात थोडा तरी किनारा हवा, सोबत एखाद्या नदीचं किंवा ओढ्याचं मुख असेल तर उत्तमच. एकूण २५ तुकड्यांपैकी मॉडशिवाय, म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोड न लावता, ९ च घेता येतात, तेव्हा ते ९ कोणते हे आधीच ठरवून ठेवायचं, आणि माझ्या मते छोट्या गावाला चार-पाचाच्या वर लागतही नाहीत. बाकीचे डोंगर आणि जंगल तसेच राहू द्यावेत, गावाचं छोटेपण त्या मोकळ्या जमिनीमुळेच कळतं.

मॅप ठरला की एका कागदावर एक प्रश्न लिहायचा, गाव इथेच का? हा प्रश्न बिनकामाचा वाटेल पण पुढचा प्रत्येक निर्णय यावरच येऊन अडतो. लाटांपासून आडोसा देणारं भूशिर आहे म्हणून होड्या इथे लागतात, किंवा मागे दाट झाडी आहे आणि लाकूड इथून बाहेर जातं, किंवा नदीकाठी सपाट सुपीक पट्टा आहे. यातलं एकच कारण घ्या, तीन घेऊ नका. सनसेट हार्बर हे २०२० मधलं एक्सपान्शन, म्हणजे गेमची वेगळी घ्यायची पुरवणी, तुमच्याकडे असेल तर मासेमारीचं बंदर, मासळी बाजार, मासळीचा कारखाना हे सगळं मिळतं आणि मग कारण शोधायला लांब जावं लागत नाही. नसेल तरी काही बिघडत नाही, डिस्ट्रिक्ट म्हणजे मॅपवर एक विभाग रंगवून त्यातल्या उद्योगाला शेतीचं किंवा वनोद्योगाचं स्पेशलायझेशन द्यायचं. या दोन्हीमुळे जमिनीचं प्रदूषण होत नाही, म्हणजे घरांच्या जवळ ठेवले तरी लोक आजारी पडत नाहीत. साधा पिवळा औद्योगिक झोन, म्हणजे रस्त्याकडेची कारखान्यांसाठी आखलेली जागा, मात्र सुरुवातीला अगदी थोडा ठेवा, आणि किनाऱ्याला लागून तर अजिबात नको.

आता पाणी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा, कारण किनाऱ्यावरच्या गावात हीच गोष्ट सगळ्यात आधी बिघडते. पाण्याचा पंप आणि सांडपाण्याचा पाइप दोन्ही सुरुवातीपासून काठावरच लागतात. नदीत सोपं असतं, पंप वरच्या अंगाला आणि सांडपाणी खालच्या अंगाला, पंप ठेवायला घेतलात की प्रवाहाचे बाण दिसतात. समुद्रात मात्र कित्येक ठिकाणी पाणी जवळपास स्थिर असतं, आणि तिथे सांडपाणी सोडलं की तो तपकिरी डाग तिथेच वाढत राहतो, हळूहळू पसरतो, आणि एक दिवस पंपापर्यंत येतो. माझ्या दुसऱ्या गावात हेच झालं. पाइप मी एका सुंदर छोट्या खाडीच्या आतल्या बाजूला सोडलेला, जवळ होता म्हणून, आणि वस्ती दोन हजारावर गेल्यावर सगळ्या घरांवर आजारपणाचे आयकॉन यायला लागले. दवाखाना वाढवला, अजून एक वाढवला, कारण काही सापडेना, आणि मग पाण्याचा व्ह्यू उघडला तेव्हा कळलं की अख्खं गाव स्वतःचंच सांडपाणी पितंय. म्हणून पहिल्या दिवशीच गेम पॉझ ठेवून किनाऱ्यावर बाण कुठे लांब दिसतात आणि कुठे अगदी बारीक ते फिरून बघा, सांडपाण्याची जागा भूशिराच्या पलीकडे जिथे पाणी बाहेर वाहतंय तिथे पक्की करा, जास्त पाइप टाकावा लागला तरी चालेल. पंपाऐवजी पाण्याची टाकी घेणार असाल तर तिच्याखालची जमीन स्वच्छ हवी एवढंच, ती जमिनीतलं पाणी घेते आणि कारखान्याच्या शेजारी ठेवली तर तेच प्रदूषण नळातून येतं. मासेमारीचा मार्ग आखायचा असेल तर तोही सांडपाण्याच्या पट्ट्यातून नेऊ नका.

पाण्याशीच जोडलेली एक गोष्ट म्हणजे जमीन उंच-सखल करणं. किनाऱ्यावर काही बदलायचं असेल, भर घालायची असेल, धक्क्याची भिंत म्हणजे गेममध्ये क्वे म्हणतात ती बांधायची असेल, तर ते एकही घर नसताना करून घेणं उत्तम. या गेममध्ये पाणी खरंच वाहतं, तुम्ही भर टाकली की तिथलं पाणी कुठेतरी जाणारच, एक लाट उठते आणि सखल भागात शिरते. रिकाम्या किनाऱ्यावर ती लाट आली तर दोन मिनिटं वाट बघायची, शांत होते. बाजारपेठेत आली तर काय होतं ते मी सांगायला नको. ब्रश लहान, ताकद कमी, आणि प्रत्येक बदलाआधी सेव्ह.

पैशांचं थोडक्यात. सुरुवातीला गेमच्या चलनात ७०,००० मिळतात. पवनचक्की ६,००० ला आहे आणि कोळशाचं केंद्र १९,००० ला, तेव्हा छोट्या गावाला पवनचक्कीच घ्यायची, किनाऱ्यावर आणि उंचवट्यावर वारा बहुतेक बरा मिळतो, ठेवताना जमिनीचा रंग बघून कळतंच. फक्त तिचा आवाज होतो म्हणून घरांपासून लांब. गेमच्या कंटेंट मॅनेजर या मेनूमध्ये अनलिमिटेड मनी आणि अनलॉक ऑल हे दोन मॉड गेमसोबतच येतात. अनलॉक ऑल मी कधीकधी घेते, कारण सजावटीच्या बऱ्याच गोष्टी टप्प्याटप्प्याने उघडतात आणि जुन्या भागाला त्या हव्या असतात. अनलिमिटेड मनी मात्र मी घेत नाही आणि तुम्हालाही सांगेन घेऊ नका, पैसे कमी असले की माणूस आपोआप उताराला धरून छोटा रस्ता टाकतो, वळसा घालतो, पूल पुढे ढकलतो, आणि गावाला जो आकार येतो तो त्यातूनच येतो.

रस्त्यांसाठी आधी कागदावर तीनच रेघा काढा. एक पाण्याच्या कडेने, एक तिथून वर आत जाणारी, आणि एक हायवेकडे. उंची दाखवणारा व्ह्यू लावून वर जाणारी रेघ कमीत कमी चढाची करा, सरळ नसली तरी चालेल, नसावीच. स्नॅपिंग, म्हणजे रस्ता आपोआप ठरावीक रेषेला चिकटणं, बंद करायची सवय लावा, निदान ग्रिडचं आणि कोनांचं तरी. गेमचा झोनचा एक चौकोन ८ मीटरचा असतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार चौकोन खोलीपर्यंत झोन मिळतो. साधा दोन पदरी रस्ता दोन चौकोन रुंद, सहा पदरी चार चौकोन रुंद, म्हणजे पुढे कधी मधला रस्ता मोठा करायला गेलात की कडेची घरं पडणार, आणि ती जुनी घरंच तर तुमच्या गावाचा चेहरा असतात. त्यामुळे मधला रस्ता कधीच मोठा करायचा नाही असं आत्ताच ठरवा आणि गावाच्या मागून वळसा घालणाऱ्या बायपासची पट्टी रिकामी सोडा, झाडं लावून ठेवली तरी चालतात. ही पट्टी सोडणं म्हणजे माझ्या दृष्टीने या सगळ्या यादीतली सगळ्यात फायद्याची गोष्ट.

मग झोनिंग, आणि इथेच हळूहळू या शब्दाला खरा अर्थ आहे. बरेच जण म्हणतात हळू खेळणं ही आवडीची बाब आहे, पण गेमच्या आतलं गणितही तेच मागतं. एकदम शंभर घरांचा झोन टाकला की शंभर कुटुंबं एकाच वेळी राहायला येतात, बहुतेक तरुण, जवळपास एकाच वयाची. ती एकत्र म्हातारी होतात आणि गेममधल्या काही वर्षांनी एकत्रच मरतात, मग शववाहिन्या पुरत नाहीत, घरांवर काळे आयकॉन चढतात, घरं ओस पडतात, आणि त्या रिकाम्या घरांत पुन्हा एकाच वयाची नवी माणसं येतात म्हणजे पुढची लाट तयार. मोठ्या शहरात हे थोडंफार झाकलं जातं, तीनशे घरांच्या गावात अर्धं गाव जातं. म्हणून अख्खा झोन एकदम भरणारं टूल वापरू नका, छोटा ब्रश घ्या, एका वेळी चार-पाच घरांची जागा, मध्ये दोन चौकोन मोकळे, मग गेम थोडा वेळ चालू द्या, मग पुढची चार. हिरवा मागणीचा पट्टा वर गेला म्हणजे लगेच भरलाच पाहिजे असं काही नाही, तो वर राहिला तरी गाव चालतं. जास्त घनतेचा झोन उघडला तरी जुन्या भागात आणू नका, आणि एखादं घर मनासारखं उभं राहिलं की त्यावर क्लिक करून हिस्टॉरिकलची खूण करून टाका, लेव्हल वाढली तरी रूप तेच राहतं.

जागा राखून ठेवायच्या गोष्टी दोन, स्मशान आणि कचरा. दोन्ही सुरुवातीला लागत नाहीत म्हणून डोक्यात येत नाहीत, आणि लागतात तेव्हा घाईत कुठेतरी ठेवल्या जातात. कचऱ्याचा डेपो आणि दफनभूमी दोन्ही रिकामी केल्याशिवाय पाडता येत नाहीत, डेपोखालची जमीन नंतरही काही काळ खराब राहते, तेव्हा डेपो किनाऱ्यापासून आत, बायपासच्या पट्टीला लागून, आणि दफनभूमी गावाच्या वरच्या कडेला जिथून खाली समुद्र दिसतो. शाळा, दवाखाना, अग्निशमन यांचं नंतर बघता येतं.

मोठं मालवाहू बंदर हवंय का, हेही आत्ताच ठरवा. ते बरंच उशिरा उघडतं आणि उघडलं की हात शिवशिवतो, पण त्याच्यामागे ट्रकची रांग येते आणि ती रांग तुमच्या त्या अरुंद मधल्या रस्त्यावरूनच जायला बघते. घ्यायचंच असेल तर गावापासून दूरच्या तुकड्यात, बायपासला थेट जोडून. माझ्या गावांना मी ते देत नाही. मास ट्रान्झिट या २०१७ च्या एक्सपान्शनमधली फेरी असेल तर समोरच्या काठाशी एक फेरी जोडते, गावाच्या मापाला ते शोभतं.

मॉड आणि वर्कशॉपमधले असेट, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवून तिथे ठेवलेल्या इमारती आणि वस्तू, सुरू करायच्या आधीच ठरवा आणि मग मध्येच काढू नका, सेव्हमधून इमारती गायब होतात. मॉड मला दोनच लागतात, गोष्टी सरकवायला मूव्ह इट आणि चौकांसाठी ट्रॅफिक मॅनेजर. घरांचे असेट घ्यायचे तर एकाच घराण्याचे थोडे घ्या. दोनशे प्रकारची घरं टाकली की ते एका गावचं वाटतच नाही.

सेव्हची नावं टप्प्यांवरून ठेवते मी, धक्का, वरचा रस्ता, शाळा, बायपास अशी, आणि जुनी सेव्ह कधीच पुसत नाही. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी नवीन काही न बांधता गेम सगळ्यात हळू वेगावर वीसेक मिनिटं चालू ठेवायचा आणि नुसतं बघायचं, गाड्या कुठे अडतात, कोणतं घर रिकामं झालं, लोक कुठून कुठे चालत जातात. लोक जिथून चालत जातात तिथे पुढच्या टप्प्यात पायवाट टाकायची. माझ्या आत्ताच्या गावातली धक्क्यापासून वर शाळेकडे जाणारी पायवाट अशीच आली, ती माझ्या कागदावर नव्हती, आणि गावातली माझी सगळ्यात आवडती जागा आज तीच आहे.

एवढं झालं की गेम पॉझवर ठेवून कॅमेरा अगदी पाण्याच्या पातळीला आणा आणि समुद्रातून जमिनीकडे बघा, होडीतून येणाऱ्याला दिसेल तसं. वरून सगळी जागा सारखीच दिसते, खालून बघितलं की कुठे उतरावंसं वाटतं ते लगेच कळतं. तिथे खूण म्हणून एक झाड लावा, आणि पहिला रस्ता त्या झाडापासून चार घरं मावतील एवढाच टाका.